अलिबागचा पांढरा कांदा, बिडाची कढई आणि पावसातली सुट्टी : माझा रिव्ह्यू

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच देऊन टाकते. अलिबागचा पांढरा कांदा मंद आचेवर परतून परतून मऊ, तांबूस, गोडसर करायला, म्हणजे ज्याला हल्ली सगळे कॅरमलाइज्ड कांदा म्हणतात तो करायला, पाचपैकी साडेचार स्टार. तोच कांदा कुरकुरीत तळायला पाचपैकी दोन. आणि कच्चा खायला पाचपैकी पाच, पण ते काय सगळ्यांनाच माहितीये, त्यात मी नवीन काही सांगत नाही.

आता हे लिहायचं कारण असं की आमच्याकडे, अलिबागजवळच्या चौलला, पावसाळ्यातली सुट्टी म्हणजे दुसरं काही करता येत नाही हो, बाहेर नुसती धार लागलेली, समुद्र खवळलेला, अंगणात शेवाळं, लाईट येऊन जाऊन, मग घरातली सगळी मंडळी गोधड्या घेऊन पडून राहतात आणि दर तासाने कुणीतरी विचारतं की खायला काय आहे. सगळीकडे अशा वेळी कांदाभजी होतात, आमच्याकडेपण होतात, पण भज्यांचं कसं, करणारी बाई कढईपाशी उभी आणि बाकीचे गरम गरम खाऊन मोकळे. कॅरमलाइज्ड कांद्याचं तसं नाही. एकदा तासभर गॅसपाशी घालवला की तो एक कांदा दिवसभर वेगवेगळ्या खाऊत जातो आणि घरातलं लहान पोरही पावावर लावून स्वतःचं स्वतः खाऊ शकतं. सुट्टी सगळ्यांची असेल तर स्वयंपाक करणारीचीपण असली पाहिजे, मला तरी हे फार महत्त्वाचं वाटतं.

तर कांदा. हा कांदा अलिबाग तालुक्यात भात कापून झाला की त्याच शेतात लावतात, कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव ह्या पट्ट्यात. साधारण फेब्रुवारी-मार्चपासून पेण-अलिबाग रस्त्यावर, कार्ले खिंडीच्या आसपास, माळा टांगलेल्या दिसायला लागतात आणि पाऊस सुरू व्हायच्या आत सगळा माल संपलेला असतो. भौगोलिक मानांकन, ते जीआय म्हणतात ना, तेपण ह्याला मिळालेलं आहे. माळ म्हणजे कांद्याची वाळलेली पात एकात एक विणून केलेली वेणी, मोठा कांदा खाली आणि वर वर जाताना लहान, आणि ही वेणी घालणं हे हाताचं कसब आहे, बसून बघितलं तर कळतं की पात जास्त ओली असेल तर ती आतून कुजते आणि जास्त वाळली तर तुटते, त्यामुळे नेमकी कधी विणायची हे त्या बायकांच्या बोटांनाच माहीत.

मी घेते त्या मावशी रस्त्याच्या कडेला शेडनेट लावून बसतात. भाव विचारायच्या आधीच एक कांदा बुक्कीने फोडून हातावर ठेवतात, "बाय, चावून बघ पयला." ही माझ्या मते ह्या कांद्याची सगळ्यात भारी टेस्ट आहे. खरा असेल तर करकरीत लागतो, तोंडात पाणी सुटतं, गोडसर चव येते आणि मागून बारीकसा तिखटपणा, बस. नाकात झणझणला, डोळ्यात पाणी आलं तर पैसे खिशातच ठेवा.

हे सांगायचं कारण आहे. मुंबईहून येताना हायवेवरच्या एका स्टॉलवर (नाव घेत नाही) आम्हाला अलिबागचा म्हणून जो पांढरा कांदा गळ्यात मारला तो नुसता रंगाने पांढरा होता. मोठे मोठे, एकसारखे, पोत्यातले सुटे कांदे, आणि माळ मागितली तर म्हणे संपल्या. घरी आणून चिरला तर आमच्या आई, म्हणजे सासूबाई, पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "हा कुठला गं अलिबागचा?" असा बाहेरचा पांढरा कांदा सीझनमध्ये बराच येतो आणि पर्यटकांना खपतो, आणि ह्याचा मला मनापासून राग येतो, कारण शेतात उन्हात बसून कांदा काढणाऱ्याचं, माळ विणणाऱ्याचं नाव त्यात खराब होतं. म्हणून माळच घ्या, सुटा घेऊ नका, आणि चावून बघितल्याशिवाय घेऊ नका. संकोच कसला, त्या स्वतःच देतात.

आता मुद्द्याचं. बऱ्याच जणांना वाटतं की हा कांदा गोड आहे म्हणजे ह्यात साखर जास्त आहे, आणि म्हणून तो परतल्यावर इतर कांद्यांपेक्षा खूप जास्त गोड होणार. तसं नसतं. कांदा कच्चा खाताना गोड लागतो तो मुख्य म्हणजे त्यात तिखटपणा देणारी गंधकाची संयुगं कमी असतात म्हणून. साखर लाल कांद्यातही चांगली असते, फक्त तिखटपणा तिला झाकून टाकतो, आणि शिजवल्यावर तो तिखटपणा उडून जातो तेव्हा लाल कांदाही मस्त गोड होतो. मग पांढराच का घ्यायचा? मला दोन कारणं पटलेली आहेत. एक, रंग. लाल कांदा मंद आचेवर परतला की मध्ये एक टप्पा असा येतो की तो मळकट, जांभळट-करडा दिसतो, शेवटी तपकिरी होतो पण तो रंग जरा मातकटच. पांढरा कांदा आधी काचेसारखा पारदर्शक, मग गव्हाळ, मग मधासारखा आणि शेवटी गर्द तांबूस असा सरळ रंग बदलत जातो, कुठे आहोत ते नुसतं बघून कळतं, नवीन माणसालापण. दुसरं कारण, चव गोल होते, कुठे टोचत नाही, त्यामुळे त्यात काहीही मिसळता येतं, दही काय, सोडे (सुकी कोलंबी) काय, चीज काय.

चिरण्याबद्दल थोडं. आम्ही विळीवरच चिरतो. कांदा उभा अर्धा करायचा आणि देठाकडून मुळाकडे अशा उभ्याच फाका करायच्या, फार बारीक नाही. आडवा चिरला तर शिजताना त्याचा गाळ होतो, आणि हा कांदा तर आधीच रसाळ, त्याला आडवं चिरणं म्हणजे पेस्ट करायचीच तयारी. उभा चिरला तर तासभर परतूनही धागे धागे वेगळे राहतात. किलोभर कांदा चिरताना डोळ्यांना फारसा त्रास होत नाही ही ह्या कांद्याची मोठी जमेची बाजू, किलोभर लाल कांदा चिरणाऱ्याला विचारा. फक्त कांदे लहान मोठे असतात, सोलायला वेळ जातो, ते काम घरातल्या रिकाम्या हातांना वाटून द्या.

भांडं बिडाचंच, म्हणजे ओतीव लोखंडाचं घ्या, कढई किंवा खोलगट तवा. बीड एकदा तापलं की आच एकसारखी धरून ठेवतं, आणि ह्या कामाला तेच पाहिजे. पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या कढईत मधोमध करपतं आणि कडेला कच्चं राहतं. नॉनस्टिकमध्ये होतो कांदा, चांगला होतो, पण तळाला जी तपकिरी खरवड धरते ती धरत नाही, आणि अर्धी चव त्या खरवडीत असते असं माझं ठाम मत आहे.

कृती अशी की दोन चमचे साजूक तूप, एक चमचा शेंगदाण्याचं तेल, त्यात एक किलो चिरलेला कांदा, अर्धा चमचा मीठ. तेव्हा कढई अगदी शिगोशीग भरलेली दिसते, घाबरू नका. वर पाव वाटी पाणी शिंपडून झाकण ठेवायचं, मध्यम आच, दहा मिनिटं. वाफेने कांदा बसतो, निम्मा होतो. मग झाकण काढायचं ते कायमचं काढायचं. कांद्याच्या वजनात जवळपास ८९ टक्के पाणीच असतं आणि हे पाणी जोपर्यंत कढईत आहे तोपर्यंत तिथलं तापमान शंभर अंशाच्या फार वर जात नाही, आणि ब्राऊन होण्याची खरी गंमत त्याच्या बरीच वर गेल्याशिवाय सुरू होत नाही, त्यामुळे पहिला अर्धा तास तुम्ही फक्त पाणी उडवत असता. हे ज्याला कळलं त्याची घाई संपली. रेसिपीमध्ये जिथे जिथे लिहिलंय की कांदा दहा मिनिटांत कॅरमलाइज होतो, ते वाचून सोडून द्या, दहा मिनिटांत कांदा परतला जातो, लालसर होतो, पण हा होत नाही. एक किलोला पाऊण तास ते तास, त्याच्या खाली नाही.

पाणी संपलं की आवाज बदलतो. आधी रटरट असते, मग बारीक चरचर सुरू होते, ती ऐकू आली की आच कमी करायची आणि आता जवळ थांबायचं. दर दोन-तीन मिनिटांनी उलथन्याने तळापासून हलवायचं. तळाला तपकिरी थर धरायला लागला की चमचाभर, दोन चमचे पाणी टाकायचं, चर्रर्र होतं, आणि उलथन्याने तो थर खरवडून कांद्यातच मिसळायचा. पाणी उडालं की परत थर धरतो, परत पाणी, परत खरवड. दर वेळेला कांदा एक शेड गडद होतो. वास तर असा पसरतो की माडीवर झोपलेले उठून खाली येतात. शेवटी तो एवढासा होतो, किलोचा पाव किलोच्या आसपास, चमचाने उचलला तर जॅमसारखा लोंबतो पण बारीक बघितलं तर एकेक फाक अजून वेगळी दिसते, कडा पारदर्शक, मधलं अंग गर्द तांबूस, वर तुपाची झाक. तिथे थांबायचं. पुढे पाच मिनिटं गेलात तर कडू.

साखर घालू नका. गूळपण नको. ह्या कांद्याला गरज नाही, उलट वरून घातलेली साखर आधी रंग धरते आणि कांदा वरून झाल्यासारखा दिसतो, आतून असतो कच्चा. खाण्याच्या सोड्याचं मात्र सांगते कारण ते खूप जण विचारतात. चिमूटभर सोडा घातला की कांदा अल्कलाइन होतो आणि रंग फार लवकर येतो हे खरं आहे, पण कांदा विरघळतोही, आणि लाल कांद्यात सोडा घातला तर त्याचा जांभळा रंगच हिरवट-निळसर व्हायला लागतो, ते ताट समोर आलं तर खायची इच्छा होणार नाही. पांढऱ्याला तो प्रॉब्लेम नाही. डिपसाठी करत असाल, जिथे कांदा मऊच हवा, तिथे अगदी बोटाच्या टोकावर मावेल इतका सोडा चालेल. पावात किंवा घावनात भरायला नको.

आंबटासाठी बाहेरच्या रेसिपींमध्ये व्हिनेगर घालतात, आपल्याकडे आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस आहे ना, अर्धा चमचा पुरे, गोडव्याला मस्त धार येते. फक्त बिडाच्या कढईत आगळ घालायचं नाही, आंबट लागलं की लोखंडाचा वास उतरतो आणि सगळं काळं पडतं. कांदा स्टीलच्या भांड्यात काढा, गॅस बंद, मग आगळ.

आता खाऊ. सगळ्यात आधी डिप, कारण आळशी दिवसाला ह्यापेक्षा सोपं काही नाही. रात्री दही फडक्यात टांगून ठेवायचं, सकाळी चक्का तयार. वाटीभर चक्क्यात अर्धी वाटी हा कांदा (थोडा चिरून घ्या म्हणजे प्रत्येक घासात येतो), मीठ, भरपूर मिरपूड, लसणाची अर्धी पाकळी ठेचून, आणि तासभर फ्रीजमध्ये. तो तास चुकवू नका, लगेच खाल्लं तर दही वेगळं आणि कांदा वेगळा लागतो, गार झाल्यावर दोन्ही एकजीव होतात. आणि हे कशाबरोबर खायचं, तर फणसाच्या तळलेल्या गऱ्यांबरोबर. बटाट्याच्या वेफरबरोबर सगळं जग खातं पण फणसाचा गरा जाड असतो, मध्ये खोलगट असतो, त्यात डिप बसतं, मोडत नाही, आणि खारट-कुरकुरीत गऱ्यावर गार गोडसर कांदा, मला तर ह्याच्यापुढे काहीच नको वाटतं. खरंच करून बघा. मे महिन्यात कच्च्या कापा फणसाचे गरे तळून डबा भरलेला असेल तर उत्तम, नसेल तर मालवण-रत्नागिरीकडचे पॅकेटवाले गरेपण छान असतात, फक्त तेलाचा खवट वास येत नाही ना बघून घ्या.

दुसरा, आणि आमच्या घरात ज्यावरून भांडणं होतात तो, सोडे-कांदा पाव. सोडे म्हणजे सोललेली सुकी कोलंबी, आमच्या रायगडात आगोटच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या खरेदीत कांद्याच्या माळेशेजारीच सोड्यांची पिशवी असते. मूठभर सोडे कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवायचे, पिळून घ्यायचे, मोठे असतील तर तुकडे. वेगळ्या तव्यावर तेलात ठेचलेला लसूण, सोडे, हळद आणि घरचा मसाला चमचाभर, सोडे कडेने लाल होईपर्यंत परता. मग त्यात अर्धी वाटी तयार कांदा घालून दोनच मिनिटं. वरून आगळाचे चार थेंब आणि कोथिंबीर. पाव तुपावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजून त्यात हे भरायचं. सोड्याला जो खारट, उग्र वास असतो ना, समुद्राचा, त्याला हा कांदा असा सांभाळून घेतो की ज्यांना सुकी मासळी आवडत नाही असे आमच्याकडचे पाहुणेसुद्धा दुसरा पाव मागतात. मिठाचा अंदाज मात्र सांभाळा, सोडे खारवलेले असतील तर कांद्यातलं मीठ आधीच कमी घाला.

तिसरं, घावन. तांदळाचं पीठ, मीठ, पाणी, ताकाइतकं पातळ. बिडाचा तवा चांगला तापवून वाटीने कडेकडून आत ओतायचं, जाळी पडते, झाकण, कडा सुटल्या की उतरवायचं. आत कांद्याचा पातळ थर, ओलं खोबरं, हिरवी मिरची, घडी. शाकाहारी मंडळींसाठी हे बेस्ट. तांदळाला स्वतःची चव फार नसते म्हणून इथे कांदा पूर्ण गर्द झालेला पाहिजे, गव्हाळ कांदा घातलात तर फिका लागतो.

पोह्याचे पापड भाजून त्यावर कांदा पसरून लिंबू पिळलं तर पाच मिनिटांत होतं, पण लगेच खा, पापड मऊ पडतो. चीज-टोस्ट तर सांगायलाच नको, पोरांना तेवढंच पुरतं.

आता जिथे हा कांदा कमी पडतो ते. कुरकुरीत तळलेला कांदा, बिर्याणीवर घालतात तो किंवा नुसताच मीठ-तिखट लावून चिवड्यासारखा खायचा, त्याला अलिबागचा कांदा घेऊ नका. पाणी जास्त, फाक जाड, तळताना तेल फसफसतं, वेळ लागतो आणि बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत लेचापेचा. पावसाच्या हवेत तर विचारूच नका. त्यासाठी नाशिककडचा साठवणीचा लाल कांदा घ्या, जुना, घट्ट, त्यात पाणी कमी असतं. एकसारखा पातळ चिरून पंख्याखाली फडक्यावर पसरायचा, मध्यम तेलात थोडा थोडा तळायचा आणि सोनेरी झाला की लगेच काढायचा, कारण बाहेर काढल्यावरही तो आतल्या उष्णतेने गडद होत राहतो. भज्यांनासुद्धा माझ्या मते लालच बरा, त्याचा तिखटपणा बेसनात उठून दिसतो, पांढरा बेसनात हरवतो. बाजारात तळलेल्या कांद्याची पॅकेटं मिळतात, एका कंपनीचं आणलं होतं, नाव सांगत नाही, कांद्यापेक्षा पीठ आणि तेलाचाच वास जास्त होता, आणि ते मऊ खाऊला काहीच उपयोगाचं नाही. तासभर वेळ नसेल तर सरळ दुसरं काहीतरी करा, पॅकेटच्या नादी लागू नका.

अर्धा स्टार का कापला? भाव. शेवटची माळ मी २५० रुपयांना घेतली, आणि तेवढ्या पैशात साधा कांदा कितीतरी जास्त येतो. वरून एक किलोचा पाव किलो होतो हे धरा. म्हणजे हा रोजच्या भाजीचा कांदा नाही, आणि अख्खी माळ कढईत घालणंही मला बरोबर वाटत नाही, अर्धी तरी कच्ची खायला ठेवा, तळलेल्या बोंबलाबरोबर. पण महाग आहे म्हणून शेतकऱ्याशी घासाघीस करू नका, एवढं मात्र मी हक्काने सांगेन. भात काढून, जमीन करून, रोपं लावून, कांदा काढून, वाळवून, वर वेणी घालून तो माणूस तुमच्या हातात देतोय, आणि विकायला त्याच्याकडे हे चारच महिने असतात. व्यापाऱ्याशी भांडा, मावशींशी नाही.

टिकण्याबद्दल माझं मत जरा मिश्र आहे. माळ हवेशीर जागी, ओटीवर किंवा माजघरात वाशाला टांगून ठेवली तर पावसाळ्यात बऱ्यापैकी पुढे जाते, पण कोकणातली दमट हवा आहे, लाल साठवणीच्या कांद्याइतका हा टिकत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ओट्याखाली ठेवला तर पंधरा दिवसांत काळी बुरशी. बाल्कनीत पण पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी टांगा, बटाट्यांपासून लांब. आठवड्यातून एकदा माळेवरून हात फिरवा, एक कांदा मऊ लागला की लगेच कापून काढा, नाहीतर शेजारचे चार जातात.

परतलेला कांदा मात्र बाहेर ठेवायचा नाही, तुपातेलात बुडालेला असला तरी नाही. काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, जास्त करायचा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीजर. आमच्याकडे लाईट जाते ती कधी कधी रात्रभर येत नाही, त्यामुळे पावसाळ्यात मी एका वेळेला किलोपेक्षा जास्त करत नाही. ट्रेमधला एक तुकडा गरम भातात टाकून वर तूप, किंवा ऑमलेट पसरताना त्यात, लगेच होतं. वालाच्या बिरड्यात मात्र घालू नका, कुणीतरी मला तसं सुचवलं होतं, पण वालाचा जो हलका कडवटपणा आहे तो ह्या गोडाने मारला जातो आणि बिरडं बिरडं राहत नाही.

मार्चच्या सुरुवातीला येणाऱ्या माळा ताज्या खायला मस्त पण पात अजून ओलसर असते, साठवायला घेऊ नका. साठवायला आणि असं परतायला एप्रिलच्या शेवटाची, मेमधली घ्या, चांगली उन्हं खाल्लेली. घेताना माळ हातात धरून हलवा, वाळलेल्या सालीचा कुरकुर आवाज आला पाहिजे, आणि अगदी वरच्या लहान कांद्यांची मान अंगठ्याने दाबून बघा, कुजायला तिथूनच सुरुवात होते. मऊ लागली तर दुसरी मागा. मावशी बदलून देतात.